वाढलेला खटका

एका चातुर्मासात मी वाणीचा नेम धरला होता. चार महिने तोंडातून अशुभ शब्द काढायचा नाही. तुटलं म्हणायचं नाही, संपलं म्हणायचं नाही, आणि देवापुढे दिवा तेवत असेपर्यंत तर 'नाही' हा शब्दसुद्धा म्हणायचा नाही. नेम सोपा नव्हता, पण मला फार आवडला होता. घरात सारखी साखर पेरल्यासारखं वाटायचं. मग श्रावणातल्या एका शुक्रवारी माझ्या आत्येसासूबाईंनी मला जवळ बसवलं आणि ही गोष्ट सांगितली. मी तो नेम तिथल्या तिथे बदलला. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगते. तरी हातात चार अक्षता घ्या आणि शेवटपर्यंत ऐका.

एका गावात एक बाई राहायची. भागीरथी तिचं नाव. गाव घाटाखालचं, साग-फणसांच्या झाडीतलं, आणि सगळं गाव तिला भागीरथीकाकू म्हणायचं. माझा नेम चार महिन्यांचा होता, काकूंचा जन्माचा. सासरी निघताना आईनं ओटी भरली होती आणि कानात सांगितलं होतं, "वास्तू सारखी तथास्तु म्हणत असते. तिच्या कानावर वाईट शब्द घालू नकोस." काकूंनी ते गाठीला बांधलं. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. काकूंनी हा एक शब्द घेतला आणि घरातल्या सगळ्या मोडतोडीवर घातला. कप फुटला की कप वाढला. दोरी तुटली की दोरी वाढली. मीठ संपलं की मीठ वाढलं.

त्यावरून गमतीही होत. शेजारच्या घरात नवी सून आली होती, दूरच्या मुलखातली. काकू कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, आमच्याकडचे तांदूळ वाढलेत." त्यांना पसाभर तांदूळ हवे होते. ती बिचारी हात धुऊन आली आणि यांच्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसली. तिला वाटलं, जेवायला वाढलंय. काकू पोट धरून हसल्या, मग घरात होतं नव्हतं ते तिला खायला घातलं. अशी प्रेमळ बाई. तिचा शब्द कधी कुणाला टोचला नाही.

तिचे यजमान त्र्यंबकराव. साखर कारखान्यात फिटर होते. घरी लाकूडकामाचा नाद. पडवीत त्यांनी करवतीचं मशीन बसवलं होतं. लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध चीर, चिरेतून वर आलेलं गोल दातेरी पातं, खाली मोटार. टेबलावर एक सरळ आडपट्टी असते. फळी तिला टेकवायची आणि हळूहळू पुढे सरकवायची, म्हणजे काप सुतासारखा सरळ येतो. ती आडपट्टी जागच्या जागी घट्ट धरायला एक खटका असतो. सगळी भिस्त त्या खटक्यावर. चालू पात्याशी आडपट्टी हलली, तर फळी अडकते आणि उलट्या अंगानं उडते. मग हात कुठे जाईल, सांगता येत नाही.

त्र्यंबकरावांच्या शेवटच्या वर्षात तो खटका मोडला. त्यांनी वरून एक लोखंडी पट्टी आवळली, सगळ्याला हिरवा रंग दिला आणि काकूंना हाक मारली.

"भागू, हे बघून ठेव. हा खटका मोडलाय. पट्टी दिसायला जाड आहे, पण जोर आला की सरकते. मला त्याची खोड ठाऊक आहे, मी सांभाळून घेतो. उद्या हे मशीन कुणाला दिलंस, तर सांगून दे."

"असं उद्याचं बोलू नये," काकू म्हणाल्या.

"न बोलून उद्या यायचा राहतो का?"

तो उद्या आला. त्र्यंबकराव गेले. काकू तेसुद्धा म्हणाल्या नाहीत. "हे देवाकडे राहायला गेले," एवढंच म्हणाल्या. मशीनवर जुनी सतरंजी घातली आणि रोज पडवी झाडताना त्याच्या पायांपाशीचा केर तेवढा हळू हातानं काढू लागल्या.

दोन वर्षं अशी गेली. त्या सुमारास गावात वामनमास्तर राहायला आले होते. बाहेरगावी चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, अक्षर असं की देवळातल्या फळ्यावरचा त्यांचा अभंग लोक पुसू देत नसत. त्यांची एकुलती एक मुलगी रेवती. तिचं लग्न वैशाखात ठरलं. मास्तरांनी मनात धरलं की मुलीच्या रुखवतात आपल्या हातचा सागवानी देव्हारा ठेवायचा. लाकूडकाम त्यांना येत होतं, पण हातकरवतीनं फळ्या कापायला खांदा साथ देईना.

त्यांच्या पत्नी कुसुमताई ओसरीवर गहू निवडत बसायच्या आणि बघायच्या. एकदा म्हणाल्या, "अहो, तुमच्या या गतीनं देव्हारा होईस्तोवर आतले देव म्हातारे होतील."

"मग मशीन घेतो."

"नवं?"

"एका देव्हाऱ्यासाठी नवं कशाला? भागीरथीकाकूंकडे एक नुसतं पडून आहे."

मास्तर मशीन बघून आले. मोटार चालू करून आवाज ऐकला. पातं हातानं फिरवून पाहिलं, डगमगत नव्हतं. टेबलाला गंज नव्हता. सगळं पसंत पडलं, तरी मन होय म्हणेना. चार दिवस ते घरात येरझाऱ्या घालत होते. जुनं मशीन म्हणजे दुसऱ्याच्या हाताला सवयीचं झालेलं. त्याच्या खोडी त्याच्या धन्याला ठाऊक, आणि धनी तर आता नाही.

कुसुमताई म्हणाल्या, "बाबू सुताराला सोबत न्या आणि दाखवून घ्या. तो एका नजरेत सांगेल."

"काकूंच्या दारात सुतार नेऊन उभा करू? त्यांना काय वाटेल? त्या बाईच्या तोंडून आजवर कधी खोटं निघालं नाही."

"खोटं निघालं नाही हे खरं. पण मशीन काय काकूंच्या तोंडात आहे?"

मास्तर हसले. सुताराला मात्र त्यांनी बोलावलं नाही. आपल्या माणसावर संशय घेतल्यासारखं दिसेल, या भिडेनं आपण किती तपासण्या टाळतो. वधूवरांच्या टाळतो, जमिनीच्या टाळतो. ते तर एक मशीन होतं.

पाडव्याच्या सकाळी मास्तर पुन्हा काकूंकडे गेले. दारात रांगोळी होती. काकूंनी गूळ-कडुनिंब हातावर ठेवला. मास्तरांनी मशीनवरची सतरंजी बाजूला केली आणि तिथेच उभे राहिले.

"काकू, मला यातलं वरवरचंच कळतं. तुमच्यावर सोपवतो. रेवतीच्या देव्हाऱ्यासाठी हवंय. तुम्ही सांगा, घेऊ का?"

आता ऐका हं. इथे सगळी गोष्ट आहे.

काकूंना यजमानांचे शब्द आठवले, अगदी जसेच्या तसे. सांगून दे. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलंही. पण पाडव्याचा दिवस, समोर लग्नघरचा माणूस, मुलीच्या देव्हाऱ्याची गोष्ट. आणि काकूंच्या कपाळावर कुंकू नव्हतं. अशा बाईनं मंगलकार्यात जपून बोलावं, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. आपल्या तोंडून 'मोडलाय' निघालं आणि पुढे त्या लग्नात काही उणंदुणं झालं, तर लोक कुणाच्या जिभेकडे बोट दाखवतील?

त्या म्हणाल्या, "मशीन चांगलं आहे, मास्तर. ह्यांच्या हातचं आहे. एवढंच की, तो खटका तेवढा वाढलाय."

मास्तर वाकले. त्यांना जाडजूड हिरवा खटका दिसला, त्यावर आवळलेली पट्टी दिसली.

"हो की. चांगला भक्कम दिसतोय. त्र्यंबकरावांनी वाढवून घेतला वाटतं."

काकूंना कळलं की मास्तरांना कळलेलं नाही. एवढा एकच क्षण होता. एक शब्द पुरला असता.

"पट्टी ह्यांनीच बसवली," त्या म्हणाल्या. "तुम्ही जपून वापरा, बरं का."

"जपणारच. अजून निम्म्या पत्रिका हातानं लिहायच्या आहेत. छापलेल्या नकोत म्हणून बसलीये रेवती."

काकूंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली. मशीन दुपारी हातगाडीवरून मास्तरांच्या अंगणात गेलं.

संध्याकाळी काकूंनी देवापुढे समई लावली. मन हलकं होतं. नेमही राखला आणि खरंही सांगितलं. दोन्ही साधलं. मला आत्येसासूबाई म्हणाल्या होत्या, "दोन्ही साधल्यासारखं वाटलं ना, की माणसानं एकदा मागे वळून बघावं. एक काहीतरी वाटेत सांडलेलं असतं."

घरी कुसुमताईंनी मास्तरांना विचारलं होतं, "काय म्हणाल्या काकू?"

"म्हणाल्या, चांगलं आहे. जपून वापरा."

खटक्याचं सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नव्हे. ज्याला एखादी वस्तू घ्यायचीच असते, त्याला आवडलेलं तेवढंच लक्षात राहतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मास्तर कामाला लागले. मोठ्या फळ्या छान निघाल्या. मग कमानीसाठी बारीक पट्ट्या काढायच्या होत्या. त्यासाठी पात्यावरचं झाकण थोडं वर करावं लागतं, ते त्यांनी केलं. आडपट्टी लावली, खटका दाबला, आडपट्टी दोनदा हलवून बघितली. पहिली लाकडी पट्टी अर्धी कापून झाली आणि आडपट्टी सरकली. लाकूड अडकलं, उडालं. मास्तरांचा उजवा हात पुढे होता.

आतून कुसुमताई धावत आल्या, तेव्हा मास्तर उभेच होते. पातं फिरत होतं. त्यांनी डाव्या हातानं बटण बंद केलं, आणि मग खाली बसले.

तालुक्याच्या दवाखान्यात जमेल ते केलं. दोन बोटं गेली. तिसरं राहिलं, पण वाकेना.

उरलेल्या पत्रिका कुसुमताईंनी लिहिल्या. देव्हाऱ्याच्या कापलेल्या फळ्या माळ्यावर गेल्या.

आळीत बातमी आली तेव्हा काकू तुळशीला पाणी घालत होत्या. तांब्या हातातून सुटला. आत येऊन त्या देवापुढे बसल्या. पहिलं वाक्य त्यांच्या मनात आलं ते हे, की मी सांगितलं होतं. मी खोटं बोलले नाही. जपाची माळ घेतली, पण जप होईना. मण्यामण्याला तेच. मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं. माळ पुरी झाली तरी मनाला पटलं नाही, म्हणून दुसरी घेतली.

आठ दिवसांनी त्या मास्तरांना भेटायला गेल्या. मनात ठरवून गेल्या होत्या की आज बोलायचं. मास्तर खाटेवर बसले होते. हात फडक्यात. काकूंना बघून तेच आधी बोलले.

"काकू, तुमच्या मशीनला बोल लागला हो माझ्यामुळे. माझंच चुकलं. आडपट्टी घट्ट करायची विसरलो असणार. मला वाटतं मी केली होती. दोनदा हलवून बघितली होती असंही वाटतं. पण मग ती सरकेल कशी? रोज आठवून बघतो. माझ्याच हाताचा भरवसा वाटेना झालाय. डाव्या हातानं चहाचा कप धरतानासुद्धा भीती वाटते."

कुसुमताई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी तर रोज सांगते, झालं ते झालं. ऐकत नाहीत. रात्रंदिवस तेच, माझं चुकलं, माझं चुकलं."

काकूंच्या जिभेवर शब्द आला होता. पण घराला नुकताच नवा रंग दिलेला, दारावर ओल्या गेरूनं काढलेला गणपती, कोपऱ्यात रेवतीच्या साड्यांचे गठ्ठे. वीस दिवसांवर लग्न.

"देव सगळं चांगलं करील," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

बायांनो, ते वाक्य काही वाईट नाही. आपण सगळ्याच म्हणतो. पण त्या दिवशी काकूंनी ते देवाला पुढे करून स्वतः मागे लपण्यासाठी म्हटलं. देव असल्या कामाला नसतो.

लग्नाचा दिवस आला. काकू मांडवात मागच्या रांगेत, खांबाशेजारी बसल्या. त्या नेहमी तिथेच बसत. कन्यादानाची वेळ झाली. तुम्हाला ठाऊकच आहे, खाली वराची ओंजळ, तिच्यावर वधूची, वर बापाची. आई तांब्यातून धार धरते. बापाच्या ओंजळीतून पाणी मुलीच्या ओंजळीत उतरतं आणि तिथून जावयाच्या. गुरुजींनी मंत्र म्हणायला घेतला. कुसुमताईंनी धार धरली.

मास्तरांची ओंजळ झालीच नाही. जिथे बोटं असायची तिथे फट होती. पाणी त्या फटीतून बाजूला सांडलं, त्यांच्या नव्या धोतरावर. त्यांनी हात जवळ घेतले, वळवले, अंगठा आडवा घालून पाहिला. पाणी सांडतच राहिलं. गुरुजी मंत्र न थांबवता वाट बघत होते. 

मग रेवतीनं आपली ओंजळ थोडी बाजूला सरकवली. बापाच्या हातातली फट जिथे होती, बरोबर तिथे, खाली. सांडणारं पाणी तिच्या हातात पडलं. तिनं मान वर केली नाही.

मागच्या रांगेत काकूंनी पदर तोंडात धरला. त्या पंगतीलाही थांबल्या नाहीत.

लग्न पार पडलं. मुलगी सासरी गेली. मास्तरांच्या अंगणात मशीन गोणपाटाखाली पडून होतं. कुसुमताईंना ते डोळ्यांसमोर नको होतं. त्यांनी चार ठिकाणी सांगून ठेवलं, आणि ज्येष्ठात शेजारच्या गावची हौसाबाई बघायला आली. ती पोळपाट-लाटणी करून बाजारात विकायची. नवरा नाही, हाताखाली कुणी नाही, सगळं एकटीचं.

शेजारच्या सुनेनं कुंपणावरून काकूंना सांगितलं, "काकू, तुमचं मशीन चाललं हो. पोळपाटवाल्या हौसाबाई बघतायत."

काकू पोळी लाटत होत्या. तवा तसाच ठेवून, पिठाच्या हातांनी निघाल्या. सत्तरीची बाई, पायात चप्पल नाही. वाटेत कुणी विचारलं, कुठे निघालात, तर त्यांनी उत्तर दिलं नाही. अंगणात पोचल्या तेव्हा हौसाबाई मशीनभोवती फिरत होती आणि मास्तर डाव्या हातानं एकेक दाखवत होते. कुसुमताई पायरीवर उभ्या होत्या.

"माझा हात बघून घाबरू नका," मास्तर म्हणत होते. "दोष मशीनचा नाही, माझा आहे. मी विसराळू. खटका तर बघा किती भक्कम. आधीच्या धन्यानं वाढवून घेतलाय."

हौसाबाई म्हणाली, "मास्तर, तुम्ही म्हणता तर घेईन. पण माझं पोट या दोन हातांवर हाय. खटका खरंच पक्का हाय नव्हं?"

"पक्का आहे."

"तो खटका मोडलेला आहे," काकू म्हणाल्या.

तिघंही वळले. काकूंच्या तोंडून असा शब्द त्या गावात कुणी ऐकला नव्हता. काकूंनाही तो परका वाटला असणार, कारण त्या क्षणभर थांबल्या. मग पुन्हा म्हणाल्या, सावकाश.

"मोडलेला आहे. पहिल्यापासून. ह्यांनी वरून पट्टी बांधली होती, ती जोर आला की सरकते. ह्यांनी मला सांगितलं होतं की सांगून दे. मी सांगितलं नाही. मी वाढलाय म्हणाले. मास्तर, तुम्हाला कळलं नाही, हे मला त्याच वेळी कळलं होतं."

 मास्तरांनी उजवा हात वर उचलला आणि त्याच्याकडे बघत राहिले, पहिल्यांदाच बघितल्यासारखे.

"म्हणजे मी घट्ट केली होती," ते म्हणाले.

"केली होती."

"दोनदा हलवून बघितली होती."

"बघितली असणार. तुमचं काही चुकलं नाही."

मास्तर तिथेच दगडावर बसले. दोन महिने हा माणूस रडला नव्हता. आता रडला. बोटं गेल्याचं ते रडू नव्हतं, आणि नव्हतं असंही नाही.

कुसुमताई काकूंसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"तेव्हा का नाही बोललात, काकू?"

"लग्नाचं घर होतं."

"लग्नाचंच घर होतं," कुसुमताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

  काकू वाकून मास्तरांच्या पायांना हात लावायला गेल्या, तर मास्तरांनी पाय मागे घेतले. "तुम्ही मोठ्या आहात," एवढंच ते म्हणाले.

हौसाबाईनं मशीनवर गोणपाट घातलं. "बरं झालं आज्जी, बोलला," ती म्हणाली. "आता मोडलाय हे ठाव झालं, तर इलाज करता येतो. असला नवा खटका कुठं गावतो का बघते. गावला तर बसवून, सुताराला दाखवून नेते. न्हाई गावला तर नको." महिन्याभरानं तिनं नवा खटका आणला, बाबू सुताराकडून बसवला, जोर देऊन देऊन पारखला आणि मगच मशीन नेलं. तिचे हात शेवटपर्यंत धडधाकट राहिले, असं आत्येसासूबाई सांगत.

मास्तरांची बोटं काही परत आली नाहीत. गोष्टीत ती यावीत असं मलाही फार वाटलं होतं. मी विचारलंसुद्धा, "पुढे काही नवस, काही प्रसाद?" आत्येसासूबाईंनी मान हलवली. तुटलेलं बोट कुठल्याच व्रतानं येत नाही.

कुसुमताई वर्षभर काकूंशी बोलल्या नाहीत. काकूंनी रागही धरला नाही आणि समजूत काढायलाही गेल्या नाहीत. त्यांनी फक्त एक केलं. मास्तरांनी माळ्यावरच्या फळ्या खाली काढल्या आणि डाव्या हातानं, हातकरवतीनं, देव्हारा पुन्हा करायला घेतला, तेव्हा काकू रोज दुपारी जाऊन फळी धरून बसू लागल्या. मास्तर चार वेळा करवत ओढायचे आणि थांबायचे. काप वाकडा जायचा. काकू म्हणायच्या, "वाकडा गेलाय, मास्तर." आधी त्यांना ते म्हणताना घाम फुटायचा. मास्तर रेघ सुधारून घ्यायचे. कुसुमताई न बोलता दोन कप चहा आणून ठेवायच्या. त्यांतला एक काकूंचा असायचा.

देव्हारा दिवाळीला झाला. कमान एका बाजूला किंचित झुकलेली आहे. रेवतीनं तो आपल्या घरी पूर्वेच्या भिंतीला लावला.

त्यानंतर काकूंच्या घरातून कुठलीही वस्तू बाहेर जायची असली, भांडं असो की गाय असो, की शेजारणीला दिलेली चाळण असो, काकू आधी तिचं उणं सांगायच्या, सरळ शब्दांत, आणि मग गुण. चाळणीची जाळी फाटलीये. गाय लाथ मारते. डाळ जुनी आहे, भिजवून घे. ऐकणाऱ्याला काही वाटत नसे, पण सांगताना काकूंचा हात छातीशी जायचा. आणि देवापुढे त्या म्हणायच्या, देवा, वास्तू तथास्तु म्हणत असेल, तर या खऱ्यालाही म्हणू दे.

ही गोष्ट ऐकली त्या शुक्रवारी मी माझा नेम बदलला, वस्तूचं उणं आधी सांगायचं असा केला, तो आजवर मोडलेला नाही. फार कठीण नाही हो. पहिला शब्द जड जातो, पुढचे निघतात.

तात्पर्य: ज्या शुभ शब्दामागे धोका दडतो तो शब्द शुभ नव्हे, वस्तू देणाऱ्यानं तिचा दोष कुणी विचारण्याआधीच सरळ भाषेत सांगावा, आणि घेणाऱ्यानं भीड न धरता विचारावा. बायांनो, येत्या चातुर्मासात कांदा-लसूण सोडाल तेव्हा हाही एक नेम धरा, एवढी माझी विनंती आहे.